इंग्रजीत 'इज' की 'आर', 'गो' की 'गोज': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकवताना नागपुरात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. काही दहावी-बारावीच्या पोट्ट्यांचे आहेत, काही एसएससी (स्टाफ सिलेक्शन कमिशन) आणि बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्यांचे, आणि बरेचसे नोकरीला लागलेल्या लोकांचे ज्यांना रोज ऑफिसात ईमेल लिहावा लागतो आणि पाठवायच्या आधी दहा वेळा वाटतं की इथे 'हॅज' येईल का 'हॅव'. सोप्यापासून सुरुवात आहे, अवघड खाली आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. सब्जेक्ट-व्हर्ब ॲग्रीमेंट म्हणजे नेमकं काय? एकदम सोप्यात सांगा ना.

कर्ता जसा, तसं क्रियापद. हे आपण मराठीत रोजच करतो, पोरगा जातो, पोरगी जाते, पोरं जातात. उलट मराठीत काम जास्त आहे कारण आपल्याला लिंगही सांभाळावं लागतं, इंग्रजीत 'ही गोज' आणि 'शी गोज' सारखंच. आणि इंग्रजीत हा नियम लागतो तरी कुठे, तर वर्तमानकाळात कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल तिथे, आणि भूतकाळात फक्त 'वॉज' आणि 'वेअर' मधे. 'वेंट', 'एट', 'केम' ही सगळ्यांना सारखी. 'कॅन', 'विल', 'शुड', 'मस्ट' कोणासाठीच बदलत नाहीत, त्यामुळे 'ही कॅन्स' असं काही नसतं आणि 'ही कॅन गोज' पण नसतं. म्हणजे चूक होऊ शकेल अशी जागा फार मोठी नाही, फक्त ती जागा रोज लागते.

एक फरक मात्र पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा. मराठीत 'रवीने पोळी खाल्ली' आणि 'रवीने आंबा खाल्ला', इथे क्रियापद पोळी आणि आंब्याकडे पाहून बदललं, रवीकडे पाहून नाही. इंग्रजीत क्रियापद कर्माकडे कधीच पाहत नाही. म्हणून 'शी हॅज टू ब्रदर्स' मधे भाऊ दोन असले तरी 'हॅज'च राहतं.

२. नामाला एस लागला तं अनेकवचन, मग क्रियापदाला एस लागला की एकवचन काऊन?

कारण हे दोन एस एकमेकांचे कोणीच लागत नाहीत, फक्त दिसायला सारखे आहेत. जुन्या इंग्रजीत क्रियापदाला मी, तू, तो, ते अशा वेगवेगळ्या कर्त्यांसाठी वेगवेगळे प्रत्यय होते, आपल्या 'जातो, जातोस, जातात' सारखे. ते झिजत गेले आणि शेवटी 'तो-ती-ते एकवचन' याचा एकच उरला. तोही आधी इंग्लंडच्या दक्षिणेत 'एथ' होता, 'गोएथ', 'मेकेथ' असं लिहायचे, आणि उत्तरेकडच्या बोलीतला एस हळूहळू खाली पसरला आणि त्याची जागा घेऊन बसला. म्हणून हा एस म्हणजे झिजून उरलेला प्रत्यय, अनेकवचनाशी त्याचं काही देणंघेणं नाही.

लक्षात ठेवायला बहुतेक वेळा चालणारी युक्ती अशी की जोडीत एस एकाकडेच असतो: 'द बॉय रन्स', 'द बॉइज रन'. पण 'चिल्ड्रन', 'मेन', 'पीपल' यांना एस नसूनही ते अनेकवचनी आहेत, त्यामुळे 'चिल्ड्रन रन', 'पीपल से'. 'पीपल सेज' हे इतकं ऐकू येतं की आता ते कानाला बरोबर वाटायला लागलंय, पण ते चूकच आहे.

३. 'डज' लावल्यावर पुढे 'गोज' का नाही?

एस एकदाच लागतो आणि तो 'डज' मधे लागून गेला. 'ही डज नॉट गो', 'डज शी नो?' आणि 'ही डोन्ट नो' हे गाण्यांत भरपूर ऐकू येतं, बोलीभाषेत चालतंही, पण पेपरात आणि ऑफिसच्या पत्रात 'ही डझन्ट नो'च लिहा.

४. 'आय' म्हणजे एकटा मी, तरी 'आय हॅव'? आणि 'यू' एकाच माणसाला म्हटलं तरी 'आर'?

'आय' चं आपलं वेगळं आहे. त्याला 'ॲम' आणि 'वॉज' मिळतात, बाकी सगळी क्रियापदं एसशिवाय, 'आय गो', 'आय हॅव', 'आय डू'.

'यू' ची गोष्ट आपल्याला पटकन कळेल अशी आहे. आधी इंग्रजीत एकट्या माणसासाठी 'दाऊ' होता, त्याचं क्रियापद 'आर्ट', आणि 'यू' हे अनेकांसाठी होतं. मग मोठ्या माणसाला मान म्हणून 'यू' म्हणायला लागले, अगदी आपण एकाच काकांना 'तुम्ही' म्हणतो तसं, आणि होता होता 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून गेलाच. 'यू' उरला आणि त्याचं अनेकवचनी क्रियापदही उरलं. म्हणून 'यू आर', 'यू वेअर', 'यू हॅव', समोर एक माणूस असो की सगळा वर्ग असो.

५. बाबांसाठी 'इज' लिहिताना कसंतरीच वाटतं. 'माय फादर आर' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. पण हा प्रश्न विचारणाऱ्याचं मला फार कौतुक वाटतं, कारण त्याने आपल्या चुकीचं मूळ स्वतःच शोधलेलं असतं. आपण म्हणतो 'बाबा घरी नाहीत', 'सर आले', 'साहेब मीटिंगमधे आहेत'. माणूस एक, क्रियापद अनेकवचनी, कारण मान द्यायचाय. लहानपणापासून आईने 'बाबा आला नाही, बाबा आले म्हणायचं' असं दामटून शिकवलेलं असतं आणि ते इतकं आत बसलंय की इंग्रजी लिहिताना हात आपोआप 'आर' कडे जातो.

इंग्रजीत मान क्रियापदात राहत नाही. तो 'सर', 'मॅडम', 'प्लीज', 'वुड यू', 'मे आय' यांच्यात राहतो. 'माय फादर वर्क्स इन द रेल्वे', 'अवर प्रिन्सिपल हॅज कम', 'द प्रेसिडेंट इज इन नागपूर टुडे', देशाचे राष्ट्रपती असले तरी 'इज'च. यात कोणाचा अपमान होत नाही. मुलाखतीत 'माय फादर आर अ फार्मर' असं तोंडातून गेलं की समोरच्याला वाक्य खटकतं, म्हणून निदान स्वतःच्या घरच्यांबद्दलची चार वाक्यं मोठ्याने म्हणून म्हणून पक्की करून जा: 'माय फादर इज', 'माय मदर हॅज', 'माय ग्रँडफादर लिव्ह्ज विथ अस'.

याचाच दुसरा भाग म्हणजे एकाच आदरणीय माणसासाठी 'दे' वापरणं, 'माय टीचर इज व्हेरी गुड, दे टीच वेल'. मान म्हणून 'दे' लागत नाही, 'ही' किंवा 'शी' म्हणा. माणूस कोण ते माहीत नसेल तेव्हा मात्र 'समवन हॅज लेफ्ट देअर बॅग' हे चांगलं इंग्रजी आहे.

६. वाक्य लांब असलं की कर्ता कोणता तेच कळत नाही. 'द बॉक्स ऑफ ऑरेंजेस' ला 'इज' की 'आर'?

'इज'. आणि सगळ्या यादीत मी सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नाला देईन, कारण स्पॉटिंग एररमधे, म्हणजे वाक्यातली चूक शोधा अशा परीक्षेतल्या प्रश्नांत, बहुतेक वेळा इथेच गाठतात.

वाक्य घ्या: 'द बॉक्स ऑफ ऑरेंजेस फ्रॉम काटोल ___ ऑन द टेबल'. पेन्सिल घ्या, 'ऑफ' पासून 'काटोल' पर्यंत रेघ मारा. उरलं 'द बॉक्स ___ ऑन द टेबल'. आता कोणालाही विचारा, 'इज'च सांगेल. 'ऑफ', 'इन', 'फ्रॉम', 'विथ', 'निअर', 'बिटवीन' यांच्यापासून जे सुरू होतं ते कर्त्याला चिकटलेलं असतं, स्वतः कर्ता नसतं.

मग चूक का होते? मराठीत आपण म्हणतो 'काटोलच्या संत्र्यांची पेटी टेबलावर आहे'. पाहा, चिकटलेले शब्द सगळे आधी आले आणि खरा कर्ता 'पेटी' त्यांच्या शेवटी, त्यामुळे मराठीत कर्ता चुकायचा प्रश्नच येत नाही. इंग्रजीत नेमकं उलटं, 'बॉक्स' सगळ्यात आधी येऊन जातो आणि क्रियापदापर्यंत पोचेपर्यंत मधे 'ऑरेंजेस' येतात, मग कान जवळच्या शब्दाचं ऐकतो आणि आपण 'आर' लिहून मोकळे. म्हणून अडलं की ते वाक्य मनात मराठीत म्हणा. 'द कंडिशन ऑफ द रोड्स', रस्त्यांची अवस्था, अवस्था एक, म्हणून 'इज'. 'द मार्क्स ऑफ धिस स्टुडंट', या विद्यार्थ्याचे मार्क, मार्क अनेक, म्हणून 'आर'. या एका ठिकाणी मराठीत विचार करणं कामाचं आहे, बाकी ठिकाणी मी नको म्हणतो.

कर्ता एखादी क्रियाच असेल तर ती एकच धरायची: 'रीडिंग न्यूजपेपर्स इज अ गुड हॅबिट'. 'न्यूजपेपर्स' कडे पाहू नका, सवय वाचण्याची आहे.

७. 'अलाँग विथ' आणि 'ॲज वेल ॲज' म्हणजे 'आणि'च ना? मग अनेकवचन का नाही?

अर्थाने जवळ आहेत, व्याकरणाने नाहीत. 'द टीचर, अलाँग विथ हर स्टुडंट्स, इज गोइंग टू फुटाळा'. इथे कर्ता बाई एकट्याच, पोट्टे सोबत चाललेत. 'टुगेदर विथ', 'इन ॲडिशन टू', 'इन्क्लुडिंग' हे सगळे याच रांगेतले, सहाव्या प्रश्नातली रेघ इथेही मारायची. 'अँड' टाकला तर मात्र दोघं बरोबरीचे कर्ते झाले, 'द टीचर अँड हर स्टुडंट्स आर गोइंग'.

८. मग 'अँड' आला की डोळे मिटून अनेकवचन?

बहुतेक वेळा हो, पण तीन जागा सांभाळा. दोन गोष्टी मिळून एकच वस्तू होत असेल तर एकवचन, 'ब्रेड अँड बटर इज माय ब्रेकफास्ट'. आपल्याकडे सकाळी एकाच प्लेटमधे मिळतं ते 'पोहा अँड तर्री इज रेडी', पण पोह्याचा आणि तर्रीचा गंज वेगवेगळा दाखवून बोलत असाल तर 'आर'.

दुसरी जागा, एकाच माणसाकडे दोन पदं. 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर हॅज साइन्ड' म्हणजे माणूस एक. 'द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर हॅव साइन्ड' म्हणजे माणसं दोन. सगळा खेळ त्या दुसऱ्या 'द' चा आहे, आणि पेपर काढणाऱ्यांना हा 'द' फार आवडतो.

तिसरी, आधी 'ईच' किंवा 'एव्हरी' असेल तर 'अँड' असूनही एकवचन: 'एव्हरी बॉय अँड गर्ल हॅज अ बुक'. का ते पुढच्या उत्तरात.

९. 'एव्हरीबडी' म्हणजे सगळे, मग 'एव्हरीबडी नो' का नाही?

मराठीत 'सगळे' अनेकवचनी आहे म्हणून गोंधळ होतो. इंग्रजीचा 'एव्हरीबडी' एकेकाला धरून मोजतो, आपल्या 'प्रत्येकजण' सारखा, आणि 'प्रत्येकजण जातात' असं तर आपणही म्हणत नाही. 'ईच', 'एव्हरी', 'एव्हरीवन', 'समबडी', 'नोबडी', 'एनीवन' सगळे एकवचनी. 'ईच ऑफ द स्टुडंट्स हॅज' इथेही 'ईच' कर्ता आहे. पण 'ईच' कर्त्याच्या मागून आला तर त्याची सत्ता संपली, 'द स्टुडंट्स ईच हॅव अ बुक', इथे कर्ता 'स्टुडंट्स'.

१०. 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर' मधे एक एकवचनी आणि एक अनेकवचनी असेल तर?

क्रियापदाच्या जवळचा जो, त्याचं चालतं. 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट', उलटवलं तर 'नायदर द स्टुडंट्स नॉर द टीचर वॉज प्रेझेंट'. दोन्ही बरोबर, पण दुसरं कानाला टोचतं म्हणून स्वतः लिहिताना अनेकवचनी शब्द नंतर ठेवावा. 'आयदर यू ऑर आय ॲम राँग' हे नियमाने ठीक असूनही विचित्र वाटतं, तिथे वाक्यच बदला. आणि 'नायदर ऑफ देम' पुढे औपचारिक लिखाणात एकवचन, 'नायदर ऑफ देम इज रेडी'.

११. 'वन ऑफ माय फ्रेंड' की 'फ्रेंड्स'? आणि पुढे 'लिव्ह' की 'लिव्ह्ज'?

'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन महाल'. मित्र अनेक, त्यातला एक महालात राहतो. म्हणून नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी. दोन्हीकडे एस दिसला म्हणून घाबरू नका, दुसऱ्या प्रश्नातली युक्ती इथे लागत नाही कारण कर्ता 'फ्रेंड्स' नाहीच, 'वन' आहे.

खरी अडचण 'हू' आला की होते. 'शी इज वन ऑफ द गर्ल्स हू प्ले कबड्डी'. इथे 'हू' म्हणजे कोण? कबड्डी खेळणाऱ्या मुली आहेत आणि ही त्यांच्यातली एक, म्हणजे 'हू' मुलींकडे बोट दाखवतो, म्हणून 'प्ले'. आता 'ओन्ली' घाला: 'शी इज द ओन्ली वन ऑफ द गर्ल्स हू प्लेज कबड्डी'. आता खेळणारी एकटी हीच आहे, 'हू' तिच्याकडे वळला, एस आला. चांगले लिहिणारे इंग्रज लोकही पहिल्या प्रकारात कधीकधी एकवचन लिहून जातात, पण परीक्षेत अनेकवचनच धरतात.

१२. 'अ नंबर ऑफ' आणि 'द नंबर ऑफ' मधे काय फरक?

'अ नंबर ऑफ' म्हणजे बरेच, म्हणून अनेकवचन: 'अ नंबर ऑफ शॉप्स इन इतवारी आर क्लोज्ड'. 'द नंबर ऑफ' म्हणजे संख्या, ती एकच: 'द नंबर ऑफ शॉप्स इज इन्क्रीजिंग'.

१३. टीम, फॅमिली, पोलीस, यांचं काय? क्रिकेटच्या बातमीत 'इंडिया हॅव वन' का लिहितात?

'पोलीस', 'पीपल', 'कॅटल' हे नेहमी अनेकवचनी. 'द पोलीस हॅव अरेस्टेड टू मेन'. एकच शिपाई सांगायचा तर 'अ पोलीसमन'.

'टीम', 'फॅमिली', 'कमिटी', 'गव्हर्नमेंट' यांचं ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीत वेगळं पडतं. अमेरिकेत बहुतेक एकवचन. ब्रिटनमधे दोन्ही चालतं, आणि खेळाच्या बातमीत संघ म्हणजे अकरा माणसं असं धरून अनेकवचन लिहायची तिकडे सवय आहे, आपल्या क्रिकेटच्या पत्रकारितेत ती तिथूनच आली. म्हणून 'विदर्भ हॅव वन द रणजी ट्रॉफी' आणि 'विदर्भ हॅज वन द रणजी ट्रॉफी' दोन्ही वाचायला मिळेल. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा आपण तो करंडक जिंकलाय, त्यामुळे हे वाक्य लिहायची वेळ येतेच. एका मजकुरात एकच पद्धत ठेवा. परीक्षेत साधारण असं धरा की गट एक होऊन काम करतो तिथे एकवचन, 'द कमिटी हॅज डिसाइडेड', आणि आपसात मतभेद असले तर अनेकवचन, 'द कमिटी आर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स'.

१४. 'न्यूज' ला एस आहे तरी 'इज', आणि कात्री एकच असून 'सीझर्स आर'. हे कसं लक्षात ठेवायचं?

इथे पाठ करण्यावाचून इलाज नाही, पण यादी छोटी आहे. 'न्यूज', 'मॅथेमॅटिक्स', 'फिजिक्स', 'इकॉनॉमिक्स' दिसायला अनेकवचनी, वागायला एकवचनी. 'सीझर्स', 'ट्राउझर्स', 'स्पेक्टॅकल्स' अशा दोन भाग जोडलेल्या वस्तू अनेकवचनी, पण 'अ पेअर ऑफ सीझर्स इज', कारण कर्ता 'पेअर' झाला. आणि 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज', 'ॲडव्हाइस', 'इक्विपमेंट' यांना एस लावायचाच नाही, नेहमी 'इज'. 'फर्निचर्स आर' असं दुकानाच्या बोर्डावर दिसलं तरी उचलू नका.

१५. दहा हजार रुपये 'इज' की 'आर'?

रक्कम, अंतर, वेळ, वजन एकगठ्ठा धरलं की एकवचन. 'टेन थाउजंड रुपीज इज टू मच फॉर धिस रूम'. नागपूर ते वर्धा साधारण पाऊणशे किलोमीटर, तर 'सेव्हंटी-फाइव्ह किलोमीटर्स इज नॉट फार'. नोटा सुट्या सुट्या मोजत असाल तर अनेकवचन: 'टेन नोट्स आर मिसिंग'.

१६. 'हाफ', 'मोस्ट', 'पर्सेंट', 'नन' यांच्यापुढे काय?

हे शब्द 'ऑफ' नंतर काय आहे ते बघतात. 'हाफ ऑफ द वॉटर इज', 'हाफ ऑफ द बॉटल्स आर'. म्हणजे सहाव्या प्रश्नातली रेघ इथे मारायची नाही, हा तिचा मोठा अपवाद आहे, हे ठळक करून ठेवा. 'नन ऑफ द स्टुडंट्स' पुढे 'इज' आणि 'आर' दोन्ही चालतात, 'नन म्हणजे एकवचनच' असं काही गाईड सांगतात तेवढं कडक ते नाही.

१७. 'देअर इज' आणि 'देअर आर' मधे कर्ता कुठे असतो?

क्रियापदाच्या नंतर. 'देअर आर टू मेट्रो लाइन्स इन नागपूर', ऑरेंज आणि ॲक्वा, कर्ता 'लाइन्स'. 'हिअर कम्स द बस', कर्ता 'बस'. पुढे यादी असली तर पहिल्या वस्तूकडे पाहून लिहायची पद्धत आहे: 'देअर इज अ टेबल अँड टू चेअर्स इन द रूम'. बोलताना सगळीकडे 'देअर्स' निघतं, लिहिताना थांबून पुढचा शब्द पाहा.

१८. 'मेनी' म्हणजे अनेक, मग 'मेनी अ स्टुडंट हॅज' कसं?

त्या 'अ' मुळे. नाम एकवचनी झालं, क्रियापदही. 'मोर दॅन वन स्टुडंट हॅज फेल्ड' चंही तसंच, अर्थ अनेकांचा पण जवळ 'वन स्टुडंट' बसलाय. 'मोर स्टुडंट्स दॅन वन' असं लिहिलं तर 'हॅव'.

१९. 'इफ आय वेअर यू' मधे 'आय' ला 'वेअर' आणि 'सजेस्ट दॅट ही गो' मधे एस गायब. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. इंग्रजीत जे खरं नाही पण कल्पना केलीय त्याचं क्रियापद वेगळं होतं. मी तू नाही, तरी समजा असतो, म्हणून 'वेअर'. 'आय विश ही वेअर हिअर', म्हणजे तो इथे नाही. आणि 'सजेस्ट', 'डिमांड', 'इन्सिस्ट', 'रेकमेंड' नंतर कोणीतरी काहीतरी करावं असं असेल तर क्रियापद मूळ रूपात राहतं: 'द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही टेक रेस्ट'. आपलं 'त्याने विश्रांती घ्यावी' मधलं 'घ्यावी' जे काम करतं तेच. 'गॉड ब्लेस यू' मधे एस नाही तो याचमुळे, देव आशीर्वाद देतो असं सांगायचं नाहीये, देवो असं म्हणायचंय.

२०. 'डेटा इज' लिहिलं तर मॅनेजर 'आर' करतात, 'आर' लिहिलं तर कॉम्प्युटर 'इज' सुचवतो. कोणाचं ऐकू?

'डेटा' मूळ लॅटिनमधे अनेकवचन आहे, एकवचन 'डेटम'. रिसर्च पेपरमधे, खासकरून विज्ञानाच्या, 'द डेटा आर' अजून लिहितात. बाकी ऑफिस, बातम्या, कॉम्प्युटरचं क्षेत्र, सगळीकडे 'डेटा इज' रुळलंय आणि तेही बरोबर. थीसिस लिहीत असाल तर गाइडना विचारून एक ठरवा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा. 'मीडिया' चंही साधारण असंच. 'क्रायटेरिया' आणि 'फिनॉमिना' मात्र अजून अनेकवचनीच धरले जातात, तिथे 'आर' लिहा, आणि एकच निकष असेल तर 'क्रायटेरियन इज'.